पेशवे दफ्तरात इंटर्नशिप: रुमाल सोडण्यापासून यादी लिहिण्यापर्यंत

एमएच्या पहिल्या वर्षाला ओजेटी, म्हणजे ऑन द जॉब ट्रेनिंग, आल्यापासून आम्हा इतिहासवाल्यांची दरवर्षी तीच धावपळ, चार क्रेडिट म्हणजे १२० तास भरायचे कुठे. मग कुणीतरी सुचवतं की पुराभिलेखागारात, म्हणजे जुने सरकारी कागद ठेवतात तिथे जा, पोरं जातात, आणि पहिल्याच आठवड्यात वैतागतात, कारण डोक्यात असतं की शिवाजी महाराजांचं पत्र हातात येणार आणि प्रत्यक्षात समोर येतो पागेतल्या घोड्यांच्या दाण्याचा हिशोब, तोही न लागणाऱ्या अक्षरात. मी पुण्यात पेशवे दफ्तराच्या कागदांवर इंटर्नशिप केली, त्या अनुभवावरून हे लिहितेय. एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, तिथे तुम्ही इतिहास शोधायला जात नाही, यादी करायला जाता. हे ज्याला पटलं त्याची इंटर्नशिप मस्त जाते, ज्याला नाही पटलं तो घड्याळाकडे बघत बसतो.

जाण्याआधी: हे कागद इथे आले कसे ते माहीत करून घ्या

हे टाळू नका, कारण सगळ्या कामाची किल्ली इथेच आहे. १८१८ ला पेशवाई संपली आणि पेशव्यांचे सरकारी कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. इंग्रजांना त्यात इतिहास म्हणून काडीचा रस नव्हता, त्यांना बघायचं होतं की कोणाकडे कुठली जमीन इनाम आहे, वतन खरं का खोटं, सारा किती. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळालं आणि इनामांच्या चौकशीसाठी आणखी कागद गोळा झाले, तपासले गेले, लावले गेले. म्हणजे दफ्तराची मांडणीच महसुलाच्या डोक्याने झालेली आहे. म्हणून तिथे हिशोब ढीगभर आणि राजकारणाची पत्रं त्यामानाने कमी, आणि बहुतेक माल १८व्या शतकातला, शाहू महाराजांच्या काळापासून पुढचा. शिवकालीन कागद हवे असतील तर मुळात चुकीच्या दारात उभे आहात.

ब्रिटिश अमदानीत बाहेरच्या संशोधकांना या दफ्तरात सहज शिरकाव नव्हता. म्हणून तर इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरचे कागद गोळा करत होते, वासुदेवशास्त्री खरे मिरजेकडे पटवर्धनांच्या दफ्तरावर बसले होते. १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, तिथला संग्रह बराचसा असा घराण्यांकडून आलेला आहे. सरकारी दफ्तर खऱ्या अर्थाने लोकांपुढे आलं ते गो. स. सरदेसायांनी १९३० ते ३४ मध्ये निवडक कागदांचे ४५ खंड काढले तेव्हा, आणि ४५ खंड काढूनही बहुतेक दफ्तर रुमालात, म्हणजे कापडी गठ्ठ्यांतच राहिलं.

याचा तुम्हाला उपयोग काय, तर जागा निवडताना. हिशोब, गावं, दर, बाजार, सण-उत्सवांचा खर्च यात रस असेल तर पेशवे दफ्तर. घराण्यांची पत्रं, माणसांची भांडणं-रुसवे हवे असतील तर मंडळासारखी संस्था. इंग्रजी चांगलं आणि मोडीचा, म्हणजे जुन्या मराठी कागदांच्या लिपीचा, कंटाळा असेल तर मुंबईचं राज्य अभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं, तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या डायऱ्या आहेत. गोव्यातल्यांना पणजीचं अभिलेखागार आहेच, १५९५ पासूनची परंपरा आणि पोर्तुगीज कागदांत मराठ्यांशी झालेला पत्रव्यवहार, पण त्याला पोर्तुगीज लागतं.

अर्ज: कंटाळवाणं पण लवकर करा

विभागप्रमुखांचं पत्र, तुमचा मराठीत अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स, फोटो. अर्जात «मराठ्यांच्या इतिहासाची आवड आहे» असलं काही लिहू नका, सगळेच लिहितात. कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, रोज किती तास, मोडी येते का आणि कुठे शिकलात, संगणकावर मराठी टायपिंग येतं का, एवढं लिहा. टायपिंग युनिकोडमध्ये येत असेल तर ते ठळक लिहा, कारण हापिसाला खरी गरज त्याचीच असते.

सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार सुट्टी, त्यात मधे सणवार, त्यामुळे १२० तासांचं गणित कागदावर मांडून बघा. दिवसाला सहा तास धरले तरी २० कामाचे दिवस लागतात, म्हणजे महिना गेलाच. बहुतेक ठिकाणी स्टायपेंड नसतो, तेव्हा बसचा पास आणि डबा स्वतःचा. परीक्षेच्या तोंडावर अर्ज टाकाल तर तास भरणार नाहीत आणि मग कॉलेज आणि कार्यालय दोन्हीकडे गयावया करत फिराल.

मोडी: थोडी तरी येऊ द्या

पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, मंडळही घेतं, कुठलाही एक करून जा. पण वर्गात शिकवतात ती सुटी सुटी सुंदर अक्षरं असतात आणि कागदावरची मोडी वेगळीच असते, हे माहीत असू द्या. आधी ओळभर डोक्यावरची रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत सुटायचं ही पद्धत, त्यामुळे शब्द कुठे संपला ते कळत नाही, पूर्णविराम वगैरे प्रकारच नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. र तर शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो.

त्यात भर म्हणजे संक्षेप. रा॥ म्हणजे राजश्री, मौ॥ म्हणजे मौजे, मु॥ म्हणजे मुक्काम, प॥ म्हणजे परगणा आणि पा॥ म्हणजे पाठविले, आणि घाईच्या अक्षरात काना दिसेलच असं नाही, मग संदर्भाने ठरवायचं. पत्राच्या कडेला पै॥ दिसलं तर ती पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद, तिला पत्र लिहिल्याची तारीख समजू नका. दोन्ही तारखा मिळाल्या तर लॉटरी लागली समजा, कारण जासूद, म्हणजे पत्र नेणारा, किती दिवसांत पोचला हे आपोआप कळतं.

माझा सल्ला असा की सुरुवातीला पूर्ण कागद वाचायचा अट्टहास धरू नका. मायना आणि शेवट हे ठरीव साच्याचे असतात, «विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे», «बहुत काय लिहिणे», «जाणिजे», शेवटी «मोर्तबसुद» किंवा «लेखनसीमा»चा शिक्का. एवढे तुकडे त्या लेखकाच्या हातात कसे दिसतात ते आधी ओळखा, त्यातून त्याचा क कसा, ज कसा हे कळतं, आणि मग मधला मजकूर सुटायला लागतो. रोज एकाच कारकुनाचं अक्षर मिळालं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेग येतो, कारकून बदलला की परत रडारड.

पहिला दिवस: हात, नाक आणि पेन्सिल

पेन बॅगेत. फक्त पेन्सिल, तीही टोक काढायला टेबलापासून लांब जाऊन. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, क्रीम लावलेला हात चालत नाही. सिनेमात दाखवतात तसले पांढरे हातमोजे हातकागदाला उलट त्रासाचे, बोटांना कडा कळत नाही आणि कागद फाटतो. ते मोजे फोटो-निगेटिव्हला ठीक. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर घरीच मोडून या, आपल्याकडे ती फार जणांना असते. मास्क मात्र लावा, ती धूळ साधीसुधी नाही, दमा किंवा ॲलर्जी असेल तर आधीच तिथल्या मॅडमना सांगा, कॅटलॉगचं काम मिळू शकतं.

रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, आत पुडकी, पुडक्यात कागद. सोडण्याआधी वरची चिठ्ठी वाचून वहीत उतरवायची. गाठ नखाने ओरबाडायची नाही. मोठ्या मोकळ्या टेबलावर एका वेळी एकच रुमाल, हे मी दहा वेळा सांगेन, दोन रुमाल शेजारी उघडले आणि पंख्याची झुळूक आली की कुठला कागद कुठला हे ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही. पंखा बंदच ठेवायचा, एप्रिल असला तरी.

कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमात परत जायला हवेत. तुम्हाला वाटेल की अरे हा कागद १७५० चा आणि हा १७४८ चा, उलटे लागलेत, लावून टाकू नीट. अजिबात नाही. तो क्रम ज्याने लावला त्याचं काही कारण असू शकतं, आणि त्या क्रमावरच जुने संदर्भ दिलेले आहेत, कुणी तरी पन्नास वर्षांपूर्वी तळटीपेत रुमाल अमुक पुडकं तमुक लिहून गेलेलं आहे, त्याचा पत्ता तुम्ही मोडाल. तारीखवार लावायची हौस एक्सेलमध्ये भागवा.

लांब सनदा बघायला मिळाल्या तर मजा आहे. कागदाचे बंद एकाखाली एक डकवून केलेली लांबलचक पट्टी असते आणि पाठीमागे नेमका जोडावर शिक्का, म्हणजे मधला बंद काढून कुणी दुसरा चिकटवला तर शिक्का जुळायचा नाही. अशी पट्टी एका टोकाने उलगडत दुसऱ्या टोकाने गुंडाळत वाचायची, पूर्ण पसरायची नाही. घडीवर तुटायला आलेला कागद दिसला की थांबायचं आणि सांगायचं. सेलोटेप, फेव्हिकॉल, स्टेपलर, टाचणी यातलं काहीही नाही, टेप पिवळी पडून कागद खाते आणि टाचणी गंजते. दुरुस्तीचा विभाग ते काम पातळ टिश्यू आणि गव्हाच्या खळीने करतो, म्हणजे पुढे कधी काढायची वेळ आली तर काढता येतं. निसटलेला तुकडा टाकायचा नाही, पाकिटात घालून वर रुमाल-पुडकं-कागद नंबर पेन्सिलीने लिहायचा. कसरीने खाल्लेली भोकं दिसतील, त्यांचीही नोंद यादीत.

आणि जे काका रुमाल आणून देतात त्यांच्याशी नीट बोला. कुठल्या रॅकवर काय आहे हे त्यांना जितकं पाठ असतं तितकं छापील सूचीतही सापडत नाही. त्यांना घाई करू नका, चिठ्ठी स्वच्छ अक्षरात द्या.

तारखा: इथे बहुतेकांची दांडी उडते

पेशव्यांच्या कागदावर इसवी सन शोधू नका, नाहीये. शक असेल, राज्याभिषेक शक असेल, फसली असेल, आणि सगळ्यात जास्त वेळा असेल सुहूर सन, तोही अरबी आकड्यांच्या नावांनी अक्षरात लिहिलेला, एककापासून सुरू करून हजारापर्यंत. पाठ करून टाका, एक ते दहा: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा, अशर. वीस, तीस असे नव्वदपर्यंत: अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार.

समजा कागदाखाली आहे «छ ७ जमादिलाखर इहिदे सितैन मया व अलफ». छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याचा सातवा चंद्र. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, बेरीज ११६१. आता सुहूर वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंतचा असेल तर ६००. जमादिलाखर त्या वर्षी पडतो जानेवारीत, म्हणजे ११६१ अधिक ६००, १७६१. जंत्रीत, म्हणजे वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून दिलेल्या पुस्तकात, ७ जमादिलाखर बघा, १४ जानेवारी १७६१ येतो. हो, तोच दिवस, पानिपत. शकाने पडताळा घ्या, पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, पौषात आणि जानेवारी उजाडलेला, म्हणून ७९ मिळवायचे, १७६१, जुळलं. चैत्र ते डिसेंबर असता तर ७८.

मुसलमानी महिने ऋतूशी बांधलेले नसतात, दरवर्षी साधारण अकरा दिवसांनी मागे सरकतात, त्यामुळे जमादिलाखर म्हणजे जानेवारी हे सूत्र दुसऱ्या वर्षाला लावायला जाऊ नका. प्रत्येक वेळी जंत्री उघडायची. मोबाइलवरची कन्व्हर्टर ॲपं एखाद्या दिवसाने मागेपुढे जातात, वार दिला असेल तर वारावरून खात्री करा.

जे मुंबईला इंग्रजी कागदांवर बसणार त्यांची सुटका झाली असं समजू नका. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत होते, १७व्या शतकात ती आजच्या हिशोबाने १० दिवस मागे आणि १७०० नंतर ११ दिवस, शिवाय त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे फेब्रुवारीतल्या नोंदीवर दिसणारा सन एकाने कमी असू शकतो. आपला ६ जून १६७४ चा राज्याभिषेक सुद्धा जुन्या पद्धतीचाच आहे, नव्याने तो १६ जून येतो.

यादीत तारखेचे दोन रकाने ठेवा, एकात कागदावर आहे तशी, दुसऱ्यात तुम्ही काढलेली इसवी. फक्त इसवी लिहून ठेवलीत आणि तुमचं गणित चुकलेलं असलं तर पुढच्याला पडताळायला काही उरत नाही.

यादी लिहिताना

रकाने साधारण असे: रुमाल, पुडकं, कागद, मूळ तारीख, इसवी तारीख, कोणाकडून, कोणाला, ठिकाण, विषय, बंद किंवा पानं, स्थिती, शेरा. सगळं कौशल्य विषयाच्या दोन ओळींत आहे. «महसुलाबाबत» लिहिलंत तर ते लिहिलं काय आणि नाही काय. «मौजे अमुक, पाऊस न झाल्याने सारा सूट मागितली, पाटलाचा अर्ज» असं लिहिलंत तर दहा वर्षांनी दुष्काळावर काम करणारी कुणी मुलगी तुमच्या ओळीवरून त्या कागदापर्यंत पोचेल. मला विचाराल तर पीएचडीवाल्यांचे बरेचसे «शोध» हे आधी कुणीतरी यादी नीट केली म्हणून लागलेले असतात, त्या यादीवाल्याचं नाव मात्र कुठे येत नाही.

नावांच्या बाबतीत सावध. कागदात पहिला बाजीराव, दुसरा बाजीराव असं काही लिहिलेलं नसतं. बाजीराव बल्लाळ म्हणजे पहिला, बाजीराव रघुनाथ म्हणजे शेवटचा. माधवराव बल्लाळ म्हणजे थोरले माधवराव आणि माधवराव नारायण म्हणजे सवाई. बापाच्या नावावरून ओळखायचं, आणि बापाचं नाव नसेल तर तारखेवरून.

गावांचं तर विचारू नका. साष्टी एक मुंबईजवळची, एक गोव्यातली, दोन्ही पोर्तुगीजांच्या, आणि १७३९ ला मराठ्यांची धामधूम वसई-साष्टीकडेही चालू आणि गोव्याच्या साष्टीतही. नुसतं «साष्टी» दिसलं तर सोबत मडगाव आहे का ठाणं आहे ते बघा, नसेल तर प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे व्हा. प्रश्नचिन्ह टाकायची लाज वाटू देऊ नका, खोट्या आत्मविश्वासाने लिहिलेली नोंद जास्त घातक.

हिशोबाच्या कागदात आकड्यापुढची उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, त्यामुळे ५।।। म्हणजे पावणेसहा, पाच हजार एकशे अकरा नव्हे. खंडी म्हणजे २० मण, चाहूर म्हणजे १२० बिघे, पण मण आणि बिघा प्रांताप्रमाणे बदलतो म्हणून किलो-एकरात रूपांतर करायच्या भानगडीत पडू नका. रुपयेही एकाच जातीचे नसतात, चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही, सगळ्यांचा बट्टा, म्हणजे बदलताना कापली जाणारी रक्कम, वेगळा, तेव्हा स्वतःहून बेरजा मारायच्या नाहीत, कागदावर बेरीज दिली असेल तर ती उतरवायची.

रोजकीर्द मिळाली तर सोडू नका. रोजचा जमाखर्च, वाचायला रुक्ष, पण श्रावणातल्या दक्षिणेपासून वाड्यावरच्या तेलवातीपर्यंत सगळं त्यात येतं, आणि एकदा साचा कळला की बाकी पत्रांपेक्षा भरभर वाचता येतं. नवख्यांनी सुरुवात तिथूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे, पत्रं नंतर.

स्कॅनिंगला बसवलं तर

तोंड वाकडं करू नका, वाचण्यापेक्षा जास्त कागद नजरेखालून जातात. वरून फोटो घेणारा स्कॅनर असतो, कागद दाबायचा नाही, सोबत मापपट्टी आणि रंगपट्टी ठेवायची, पाठ कोरी दिसली तरी पाठीचाही फोटो घ्यायचा कारण पै॥ची नोंद, पत्ता, शिक्का तिकडेच असू शकतात. फाइलला नाव देताना रुमाल-पुडकं-कागद-बाजू असं आकड्यांत द्यायचं, रुमाल ७ असेल तर ००७, नाहीतर संगणक ७ च्या आधी ६९ लावतो. «नवीन१», «फायनल२» असली नावं दिलीत तर शिव्या बसतील.

स्वतःच्या मोबाइलने फोटो काढायचा असेल तर आधी लेखी परवानगी. इन्स्टावर रील टाकायचा मोह आवरा. ३० वर्षांहून जुने सरकारी अभिलेख साधारणपणे अभ्यासाला खुले असतात, पण म्हणजे तुम्ही इंटर्न म्हणून हाताळलेला कागद तुमचा होत नाही, आणि वतन-इनामाचे वाद तर आजही कोर्टात चालू असतात, कुणीतरी तुमचा स्टेटस बघून सातबाऱ्याचं विचारायला येईल.

रिपोर्ट आणि सही

तासांची वही रोज भरा आणि आठवड्याला सही घ्या, शेवटच्या दिवशी महिन्याच्या सह्या मागायला गेलं तर साहेब दौऱ्यावर असतात. रिपोर्टमध्ये मराठेशाहीचा इतिहास पंधरा पानं छापू नका, तपासणाऱ्यांना तो तुमच्यापेक्षा जास्त येतो. तुम्ही केलेल्या यादीचं एक पान, चार-पाच कागदांचं लिप्यंतर, एक तारीख कशी सोडवली त्याची पायरीवार मांडणी, कागदांची स्थिती, आणि जे लागलं नाही त्याची वेगळी यादी, एवढं द्या. व्हायव्हाला हमखास विचारतात की मूळ क्रम का बदलत नाहीत आणि सुहूर सनाचं इसवीत कसं करता, दोन्ही वर आलंय.

एक्सेलची फाइल कार्यालयाला दिल्याची पोच घ्या, ईमेल केलात तरी आवक नंबर विचारून वहीत लिहा. सर्टिफिकेटवर नाव, तास आणि तारखा तिथेच उभं राहून वाचा, नावात वेलांटी चुकली तर लगेच बदलून मिळते, महिन्याभराने त्यासाठी परत नवा अर्ज लागतो.